झेरॉक्स खरी कशावरून?

१४ ऑक्टोबर २०२५ रोजी विंडोज १० या ऑपरेटिंग सिस्टिमला मिळणारा नियमित आधार संपला. पुढील आवृत्तीसाठी जी सुरक्षा-व्यवस्था यंत्रात असावी लागते, ती अनेक जुन्या संगणकांत नाही. चांगले चालणारे यंत्र भंगारात काढावे, की त्यावर लिनक्सवर आधारित एखादी मुक्त प्रणाली बसवावी, हा प्रश्न त्यामुळे देशभरातील कार्यालयांपुढे आणि शाळांपुढे आला आहे. मुक्त प्रणालींच्या गुणदोषांची चर्चा पुष्कळ झाली आहे. त्याआधीच्या एका पायरीची मात्र फारशी होत नाही. प्रणाली बसविण्यासाठी लागणारी फाईल आणायची कुठून, आणि आणलेली फाईल अस्सल आहे हे ठरवायचे कसे?

वीस वर्षांपूर्वी फाईल मिळविणे हेच मोठे काम होते. टेलिफोनच्या तारेवरून ७०० एमबीची एक सीडी उतरवून घ्यायची तर संपूर्ण दिवस-रात्र जाई आणि मध्येच जोडणी तुटे. म्हणून संगणकविषयक मासिकांसोबत येणाऱ्या सीडी लोक जपून ठेवीत. कॅनॉनिकल ही कंपनी उबुंटूच्या सीडी मागेल त्याला टपालाने विनामूल्य पाठवीत असे. ती योजना २०११ मध्ये बंद झाली. आपल्याकडे सी-डॅकने २००७ मध्ये ‘बॉस’ ही भारतीय भाषांची सोय असलेली प्रणाली आणली. केरळमध्ये तर शासनाच्याच संस्थेने शाळांसाठी मुक्त प्रणाली तयार करून ती शाळांपर्यंत पोचवली.

आता जोडणी सुधारली, पण फाईलही काही गिगाबाइटची झाली. त्यामुळे लहान गावांत ती अजूनही हातोहातच फिरते. कुणीतरी एकदा उतरवून घेतो आणि पेनड्राइव्ह टेबलावरून टेबलावर जातो. यात गैर काहीच नाही. प्रत काढून दुसऱ्याला देण्याची मुभा हा मुक्त प्रणालीच्या परवान्याचा गाभाच आहे.

एका जिल्हा कार्यालयात असाच एक पेनड्राइव्ह आला, तेव्हा तेथील तरुण लिपिकाने मला विचारले, “मॅडम, रेशनकार्डाची झेरॉक्ससुद्धा आपण मूळ कागद पाहिल्याशिवाय स्वीकारत नाही. मग या फाईलचा मूळ कागद कुठे आहे?” प्रश्न अगदी प्रशासकीय होता, आणि बिनतोड होता. ज्या यंत्रावर नागरिकांचे दाखले तयार होणार, त्याचा पायाच कुणी बदललेला असेल, तर वरच्या सह्या-शिक्क्यांना काय अर्थ?

याचे उत्तर प्रणाली तयार करणाऱ्यांनी आधीच देऊन ठेवले आहे. प्रत्येक फाईलसोबत ते तिचा हॅश प्रसिद्ध करतात. हॅश म्हणजे त्या फाईलच्या अंगठ्याचा ठसा. शा-२५६ या पद्धतीने कितीही मोठ्या फाईलचा ठसा ६४ अक्षर-अंकांत मावतो, आणि फाईलमध्ये एका स्वल्पविरामाइतका जरी फरक झाला तरी तो पार बदलतो. ठसा काढण्याची सोय लिनक्समध्ये असतेच, विंडोजमध्येही आहे.

ठशाची गरज किती खरी आहे, हे फेब्रुवारी २०१६ मध्ये दिसले. लिनक्स मिंटच्या संकेतस्थळात घुसून हल्लेखोरांनी एका आवृत्तीचा दुवाच बदलला आणि चोरवाट ठेवलेली फाईल लोकांच्या हाती दिली. अर्थात, जो दुवा बदलू शकतो तो शेजारचा ठसाही बदलू शकेल. म्हणून डेबियन, उबुंटू यांसारख्या प्रणाली ठशांच्या यादीवर आपली डिजिटल सहीदेखील करतात. सही तपासली की साखळी पूर्ण होते.

या व्यवस्थेतील मला सर्वांत मोलाची वाटणारी गोष्ट अशी की, फाईल मोठी आणि ठसा छोटा असतो. गिगाबाइटची फाईल मित्राकडून, शेजारच्या शाळेकडून, कुठूनही आणावी. ठसा मात्र मूळ संस्थेच्या संकेतस्थळावरून आणि सहीसकट घ्यावा. तो साध्या मोबाइलवरही क्षणात मिळतो. देणाऱ्यावर विश्वास ठेवण्याची गरज उरत नाही आणि त्याच्यावर संशय घेण्याचीही. आपल्या कार्यालयांत नक्कल खरी ठरते ती अधिकाऱ्याच्या शिक्क्याने. इथे ती घेणाऱ्याने स्वतः केलेल्या पडताळणीने ठरते.

कायद्याला हे नवे नाही. माहिती तंत्रज्ञान अधिनियम, २००० मध्ये डिजिटल सहीच्या कलमातच हॅशचा उल्लेख आहे. १ जुलै २०२४ पासून लागू झालेल्या भारतीय साक्ष्य अधिनियमात, इलेक्ट्रॉनिक पुराव्यासोबत जोडायच्या प्रमाणपत्राच्या नमुन्यात हॅश लिहिण्यासाठी रकाना आहे. केंद्र शासनाने मुक्त प्रणालींचे धोरणही २०१५ मध्येच जाहीर केले. कायदा आहे, धोरण आहे. उणीव आहे ती रोजच्या सवयीची.

त्यासाठी फार खर्च लागणार नाही. प्रत्येक जिल्ह्याच्या ठिकाणी निवडक मुक्त प्रणालींच्या तपासलेल्या प्रती ठेवाव्यात आणि त्या मागणाऱ्या शाळेला वा कार्यालयाला पेनड्राइव्हवर द्याव्यात. जडवस्तू नोंदवहीत यंत्राच्या क्रमांकाशेजारी एक रकाना वाढवावा: कोणती आवृत्ती बसविली, ठसा जुळला का, कोणी व कोणत्या तारखेला तपासला. संगणक-प्रशिक्षणात ही पडताळणी पहिल्या दिवशी शिकवावी.

महाराष्ट्राबाहेर राहणाऱ्या वाचकांना एक विनंती. तुमच्यापैकी अनेक जण सुटीत गावी जाताना शाळेसाठी जुना संगणक नेतात. सोबत प्रणालीचा पेनड्राइव्ह नेलात, तर शिक्षकांना आणि मुलांना ठसा जुळवून पाहायला अवश्य सांगा. “साहेबांनी आणलाय म्हणजे बरोबरच असेल” असे कुणी म्हणाले, तरीही सांगा.