भिवंडीच्या मोहल्ल्यात चार दिवस

खालाच्या नातीचा निकाह होता म्हणून मे महिन्याच्या सुट्टीत भिवंडीला जाणे झाले. मिरजेहून रात्रीची महालक्ष्मी एक्सप्रेस पकडली, सकाळी कल्याणला उतरले आणि रिक्षाने कोनगावमार्गे भिवंडीत शिरले. या शहराची पहिली ओळख कानाला होते. खटखट, खटखट... यंत्रमागांचा तो आवाज रात्रंदिवस चालू असतो. पत्र्याच्या छपरांखाली मागांच्या रांगा, दारात सुताच्या गोण्या, हातगाडीवर कोऱ्या कापडाचे तागे. दुसऱ्या दिवसापासून मला तो आवाज ऐकू येईनासा झाला. वीज गेली की मात्र गल्लीतले सगळे एकदम मान वर करून बघतात. शांतता झाली, म्हणजे काहीतरी बिघडले!

भिवंडीचे नाव मी लहानपणापासून एकाच संदर्भात ऐकले होते – दंगल. १९७० च्या मे महिन्यात शिवजयंतीच्या मिरवणुकीनंतर येथे मोठी दंगल झाली. तिच्या चौकशीसाठी न्यायमूर्ती मादन आयोग नेमला गेला. पुढे १९८४ मध्ये पुन्हा तेच. आमच्या अम्मीला भिवंडीचे स्थळ आले की ती लगेच नको म्हणायची. खालाने मात्र हेच शहर आपले म्हटले आणि येथेच म्हातारी झाली.

निकाहच्या आदल्या दिवशी दुपारी घरात पुरुषमंडळी देगांच्या हिशेबात गुंतली होती. खालाच्या शेजारचे एक बुजुर्ग ओट्यावर बसले होते. सगळे त्यांना चाचा म्हणतात. तरुणपणी मागावर मुकादम होते. मी शिक्षिका आहे असे कळल्यावर म्हणाले, "टीचर, मग तुम्हाला आमच्या मोहल्ला समितीची गोष्ट ठाऊक असेल." ऐकून ठाऊक होती. त्यांच्या तोंडून ऐकली तेव्हा कळली.

१९८८ मध्ये सुरेश खोपडे हे पोलीस उपायुक्त म्हणून भिवंडीत आले. आधीच्या दंगलींचा अभ्यास करताना त्यांना दिसले की मोठ्या आगीच्या मागे बहुतेक वेळा साधी ठिणगी असते. नळावरचे भांडण, गाडीचा धक्का, उधारीचा वाद. त्यात दोघांची नावे दोन धर्मांची असली की अफवा बाकीचे काम करते. म्हणून त्यांनी शहरात सुमारे ७० मोहल्ला समित्या उभ्या केल्या. प्रत्येकीत हिंदू आणि मुसलमान दोन्ही. पुढारी कमी, साधी माणसे जास्त. बैठक नियमित. दंगलीची वाट न पाहता घ्यायची.

"बैठकीत काय बोलायचात?" मी विचारले.

चाचा हसले. "गटार तुंबली, दिवा लागत नाही, अमक्याच्या पोराने तमक्याची सायकल नेली. पहिल्या दोन बैठकांत आम्ही समोरासमोर बसून एकमेकांकडे बघतसुद्धा नव्हतो. तिसऱ्या वेळी पाण्यावर बोलणे निघाले. पाणी त्यांच्याकडेही येत नव्हते, आमच्याकडेही."

मग ६ डिसेंबर १९९२ आला. बाबरी मशीद पाडली गेली. डिसेंबरमध्ये आणि पुन्हा जानेवारीत मुंबई जळाली. श्रीकृष्ण आयोगाच्या अहवालानुसार तेथे सुमारे ९०० माणसे गेली. मुंबईपासून इतक्या जवळ असलेली, दोनदा होरपळलेली भिवंडी मात्र शांत राहिली. आणि लक्षात घेण्यासारखी गोष्ट अशी की तोपर्यंत खोपडे यांची बदली झालेली होती. त्यांच्यानंतर आलेल्या गुलाबराव पोळ यांनी समित्या चालू ठेवल्या, पण गल्लीत उभी राहिली ती गल्लीतलीच माणसे.

चाचांनी त्या दिवसांचे वर्णन फार साधे केले. अफवा आली की ते पद्मशाली मोहल्ल्यातल्या आपल्या ओळखीच्या माणसाकडे निरोप धाडायचे, "खरे आहे का?" उत्तर यायचे, "काही नाही, मी स्वतः बघून आलो." बस, एवढेच. मग ते मला उर्दूत म्हणाले, "बेटी, अफ़वाह को पुलिस नहीं रोकती, पहचान रोकती है."

हे ऐकताना माझ्या डोळ्यांसमोर आमची मिरज उभी राहिली. सप्टेंबर २००९, गणेशोत्सवाचे दिवस. कमानीवरच्या एका चित्रावरून वाद पेटला आणि शहरात संचारबंदी लागली. मी मुलांना घेऊन घरात बसले होते. मोबाईलवर एकामागून एक निरोप येत होते. अमक्या चौकात असे झाले, तमक्या गल्लीत तसे झाले. खरे की खोटे हे विचारायला पलीकडच्या गल्लीतल्या एकाही बाईचा नंबर माझ्याकडे नव्हता. मी उर्दू शाळेत मराठी शिकवते. त्यांची भाषा येते म्हणून अभिमानाने सांगते. पण त्यांच्यापैकी एकीचेही दार मला ठाऊक नव्हते. त्या रात्री जी लाज वाटली ती मी आजवर कोणाला सांगितली नव्हती. चाचांना सांगितली.

ते गप्प राहिले. मग म्हणाले की भिवंडीला फार शहाणी समजू नका. ५ जुलै २००६ रोजी कब्रस्तानाजवळच्या जागेवर पोलीस ठाणे बांधण्यावरून येथे मोठा जमाव जमला. पोलिसांच्या गोळीबारात दोन माणसे गेली आणि नंतर जमावाने दोन पोलिसांना ठार मारले. मारले गेलेले पोलीस कोणाची तरी मुले होती, हे सांगताना चाचांचा आवाज बसला. "तोवर आमच्या गल्लीतल्या बैठका बंद पडल्या होत्या. सगळे ठीक आहे, आता कशाला बसायचे, असे आम्हीच म्हणालो होतो. माग बंद ठेवला की धोटा गंजतो. मग दोष कोणाला द्यायचा?"

निकाह छान पार पडला. निघायच्या आदल्या दिवशी भाईजान मला शांतीनगरकडे घेऊन गेला आणि मक्का मशीद दाखवली. २०२० च्या कोरोनाच्या लाटेत शहरात ऑक्सिजन मिळेनासा झाला, तेव्हा या मशिदीत रुग्णांसाठी मोफत ऑक्सिजनची सोय केली गेली. कोणत्याही धर्माच्या माणसासाठी. नमाजच्या जागी खाटा आणि सिलिंडर. भाईजान सांगत होता आणि मी सफांच्या रेषांकडे पाहत होते. येथे श्वास मिळालेला माणूस, त्याचे नाव काहीही असो, उद्या या मशिदीविषयीची अफवा ऐकून लगेच खरी मानणार नाही. शेजाऱ्याच्या हक्काविषयी आपण घराघरांत बोलतो. त्या हक्काचा असाही उपयोग असतो, हे तेथे उभे राहून उमजले.

परत येताना गाडीत झोप आली नाही. आपल्या मोहल्ल्यांत जलसे होतात, निषेध होतात, निवेदने दिली जातात. ते करावेच. पण गटारीवर आणि पाण्यावर, काही घडलेले नसताना, पलीकडच्या माणसाबरोबर बसणे हे काम कोणी बातमीत छापत नाही. म्हणून तेच आधी बंद पडते.

जूनमध्ये शाळा उघडली. आमच्या शाळेपासून पाच मिनिटांवर एक मराठी शाळा आहे. सतरा वर्षे मी तिच्यासमोरून जाते. पहिल्या शनिवारी आत गेले, तेथल्या बाईंना भेटले आणि शाळेसमोरच्या खड्ड्याविषयी बोलायला चहाला बोलावले. त्या तिघीजणी आल्या, आमच्या चौघी. खड्डा अजून बुजलेला नाही. पण सात जणींचे नंबर एकमेकींकडे आहेत आणि पुढची बैठक त्यांच्या शाळेत ठरली आहे.