कासव की शेवाळ?

परदेशात शिकून घरी परतलेल्या तरुणाला चिनी लोक 'हायग्वेइ' म्हणतात. 'समुद्रापलीकडून परतलेला' आणि 'समुद्री कासव', दोन्हींचा उच्चार एकच! आपल्या वेळासच्या किनाऱ्यावर येतात ना, तसंच हे कासव.

एके काळी या कासवाचा भाव काय विचारता! पुढे परतणारे इतके वाढले की नोकरीची वाट बघत बसलेल्यांसाठी नवी कोटी निघाली: 'हायदाय', म्हणजे समुद्री शेवाळ. जून २०२३ मध्ये तिथल्या शहरांतली १६ ते २४ वयोगटातली बेकारी २१.३ टक्क्यांवर गेली, आणि सरकारने काही महिने आकडा छापणंच थांबवलं.

बरं, इथे अमेरिकेत तरी काय? इंजिनिअरला डिग्रीनंतर ओपीटीवर फार तर तीन वर्षं, मग एच-१बीची लॉटरी. आमच्या टीममधला एक चिनी पोरगा लंचला सांगत होता, "बाबांनी एकाच कारखान्यात जन्म काढला. माझं प्लॅनिंग ओपीटी संपेपर्यंतचं." वर, एक-मूल धोरणातली ही पिढी. आजी-आजोबा चार, आईबाबा दोन, आणि बघणारा हा एकटा. परत जावं तर शेवाळ व्हायची भीती, राहावं तर सहा म्हातारी माणसं तिकडे.

२०२३-२४ मध्ये अमेरिकेतल्या परदेशी विद्यार्थ्यांत भारताने चीनला मागे टाकलं. म्हणजे या रांगेत आता सगळ्यात जास्त पोरं आपलीच. फोनवर "परत कधी येणार?" विचारण्याआधी, "आलास तर इथे काय करशील?" हेही एकदा विचारून बघा.