माती बदलू नका

टॅरँट्युला, म्हणजे मोठे केसाळ कोळी, पाळणाऱ्यांकडून मला सगळ्यात जास्त वेळा एकच प्रश्न येतो : पेटीतली माती किती दिवसांनी बदलायची? विचारणाऱ्याच्या मनात उत्तर आधीच तयार असतं. पंधरा दिवसांनी, फार तर महिन्याने. ससा, पोपट, पांढरे उंदीर पाळलेल्या माणसाला तसं वाटणं स्वाभाविकच आहे. माझं उत्तर मात्र त्याला पटत नाही. वर्षभर बदलू नका, आणि सगळं ठीक असेल तर त्यापुढेही बदलू नका. या प्राण्याला माणसाच्या आळसापेक्षा माणसाच्या टापटिपीने जास्त त्रास होतो, असं माझं इतक्या वर्षांचं ठाम मत आहे.

हे मत मी पेटीसमोर बसून बनवलेलं नाही. त्यासाठी रायगड जिल्ह्यात पेण-रोह्याच्या पट्ट्यातल्या बांधांवर वाकून बसावं लागलं. गागोदे बुद्रुकला लोक येतात ते बहुधा विनोबांचं जन्मस्थान पाहायला. मी येतो ते पाऊस ओसरताना, भात निसवायला लागलं की. तेव्हा डोंगराकडेच्या तांबड्या मातीच्या कापांवर सकाळचं तिरपं ऊन पडतं आणि टॅरँट्युलांच्या बिळांच्या तोंडाशी विणलेली रेशमी झालर चमकते. बीळ अंगठा जाईल एवढं. खेकड्याच्या बिळाशी चिखलाच्या गोळ्या पडलेल्या असतात, उंदराच्या बिळाशी मातीचा ढीग आणि लेंड्या. या बिळाच्या तोंडाशी काहीच नसतं. “ह्याच्या दारात कधी केर दिसत नाय बघा,” असं इथल्या एका शेतकरी काकांनी मला ऐकवलं होतं. कोळ्यांवरचा एकही ग्रंथ न वाचता त्यांनी नेमकी गोष्ट टिपली होती.

रायगडात वर्षाला तीन हजार मिलिमीटरच्या आसपास पाऊस पडतो, बहुतेक सगळा चार महिन्यांत. एवढ्या ओलीत हे घर कुजत कसं नाही? पहिलं कारण जागेची निवड. कोळी सपाट शेतात फारसा राहत नाही. तो उताराचा बांध, रस्त्याचा काप, झाडाच्या मुळांखालची माती धरतो. तिथे पाणी थांबत नाही. दुसरं कारण रेशीम. बिळाच्या आतल्या भिंतीला तो जाळ्याचं अस्तर लावतो. त्याने माती ढासळत नाही आणि अंग थेट चिखलाला लागत नाही. तिसरं कारण त्याचं शरीर. कोळ्याची विष्ठा मुख्यतः ग्वानिन नावाच्या पदार्थाची असते, तिच्यात पाणी अगदी थोडं. ती वाळली की चुन्याच्या ठिपक्यासारखी दिसते आणि तिला जवळजवळ वास नसतो. सशाच्या मुताने भिजलेल्या भुशाशी तिची तुलनाच होत नाही.

आणि चौथं कारण म्हणजे शेजारी. कोळी भक्ष्य चावून गिळत नाही. तो त्यावर पाचकरस सोडतो, विरघळलेला भाग शोषून घेतो आणि पंख, पाय, कवच यांची एक ओली गोळी उरवतो. ती तो जाळ्यात गुंडाळून बाजूला किंवा बिळाबाहेर टाकतो. रात्री टाकलेली गोळी सकाळपर्यंत मुंग्या उचलून नेतात. उरलंसुरलं मातीतल्या स्प्रिंगटेल या इवल्या उड्या मारणाऱ्या जिवांच्या आणि बुरशीच्या वाट्याला जातं. पेरूच्या जंगलात तर एका मोठ्या टॅरँट्युलाच्या बिळात अंगठ्याएवढे बेडूक राहतात आणि कोळी त्यांना धरत नाही. हे बेडूक मुंग्या खातात, त्यामुळे कोळ्याची अंडी सुरक्षित राहत असावीत, असं अभ्यासक मानतात.

पेटीत यातलं काय असतं? उतार नसतो, निचरा नसतो, मुंगी नसते. म्हणून पाळणाऱ्याने मुंगीचं काम करायचं. तेवढंच. लांब चिमटा घ्यावा, खाऊ दिल्याच्या दुसऱ्या दिवशी ती गोळी उचलावी, न खाल्लेला रातकिडा किंवा झुरळ बाहेर काढावं, पाण्याची वाटी धुऊन भरावी. रातकिडा काढायचं दुसरंही मोठं कारण आहे. कोळी कात टाकायला उताणा पडतो तेव्हा त्याचं अंग लोण्यासारखं मऊ असतं, आणि भुकेला रातकिडा त्याला कुरतडू शकतो. काचेवरचे पांढरे ठिपके ओल्या फडक्याने पुसले तरी चालतात, नाही पुसले तरी चालतात.

आता मातीबद्दल, कारण खरा घोळ इथे होतो. बाजारात मिळणारं कोकोपीट चांगलं असतं, पण काथ्यासाठी नारळाची सोडणं अनेक ठिकाणी खाडीच्या पाण्यात कुजत घालतात. त्या पाण्यातला क्षार भुशात उरतो. म्हणून कोकोपीट गोड्या पाण्यात दोन-तीनदा भिजवून पिळून घ्यावं. नुसत्या कोकोपीटमध्ये बीळ टिकत नाही, ते ढासळतं. त्यात निम्म्याच्या आसपास साधी लाल माती घालावी. ती कुंडीतली नको, कारण तिच्यात खत आणि कीटकनाशक असतं, खाडीकाठच्या खारेपाटातली खारट मातीही नको. पेणला गणपतीच्या कारखान्यांमुळे शाडू सहज मिळते. रंग न लागलेली कोरी शाडू मूठभर मिसळली तर भिंत छान धरते. जास्त झाली तर वाळून तडकते. हे मिश्रण मे महिन्याच्या उन्हात प्लॅस्टिकखाली तापवून घेतलं की पुरे. ओव्हनमध्ये भाजून निर्जीव करण्याची पद्धत मला पसंत नाही. निर्जीव मातीत पहिल्यांदा शिरते ती बुरशीच, कारण तिला अडवायला कुणी उरलेलं नसतं. नव्या पेटीत पहिल्या काही आठवड्यांत पांढरी बुरशी दिसली की लोक घाबरून सगळी माती फेकतात, पुन्हा नवी भरतात आणि पुन्हा बुरशी येते. त्याऐवजी दिसलेला पुंजका चमच्याने काढावा, झाकणाखालची हवा वाढवावी आणि थोडे स्प्रिंगटेल सोडावेत. माती हळूहळू स्थिरावते.

ओल खाली असावी, वर नव्हे. एका कोपऱ्यातून थोडं पाणी ओतावं म्हणजे ते तळाशी जातं आणि वरचा थर कोरडा राहतो. बांधातही तसंच असतं. दिवसातून दोनदा फवारा मारणारे लोक वरचा थर चिकट करून ठेवतात आणि मग घाण झाली म्हणतात. कोकणातल्या पावसाळ्यात फवाऱ्याची गरजच नसते, तेव्हा समोरासमोरची दोन जाळीची भोकं जास्त उपयोगी. बिळात राहणाऱ्या जातीला मातीची खोली तिच्या पायांच्या पसाऱ्याच्या दीड-दोन पट तरी हवी. मातीपासून झाकणापर्यंतची उंची मात्र कमी ठेवावी, कारण जड मादी वरून पडली तर तिचं पोट फुटतं.

माती बदलण्यात नुकसान नेमकं कशाचं होतं? कोळ्याला नीट दिसत नाही. तो पायांवरच्या केसांनी, कंपांनी आणि रेशमावरच्या रासायनिक खुणांनी घर ओळखतो. आपण स्वच्छ केलेली पेटी त्याच्यासाठी परका मुलूख असते. तो काचेवर चढत राहतो, खाणं सोडतो, पुन्हा पहिल्यापासून अस्तर विणतो, आणि त्या रेशमाचं प्रथिन त्याच्याच शरीरातून जातं. कात जवळ आलेली असेल तर हा धक्का जिवावर बेतू शकतो. पश्चिम ऑस्ट्रेलियात बार्बरा यॉर्क मेन यांनी १९७४ पासून अभ्यासलेली बिळाला झडप लावणारी एक कोळीण टॅरँट्युलांची दूरची नातलग होती. १६ क्रमांकाची मादी म्हणून ती ओळखली जाई. ४३ वर्षांची होऊन २०१६ मध्ये ती गेली, आणि एवढं आयुष्य तिने एकाच बिळात काढलं.

माती बदलावीच लागते अशा वेळा थोड्या : आंबूस वास येणं, तळाशी पाणी साचणं, किंवा कोळ्याच्या तोंडाशी रव्याच्या कणांसारखे पांढरे माइट दिसणं. तेव्हा कोळ्याला रुंद ग्लास आणि पुठ्ठ्याने अलगद हलवावं. पेटी गरम पाण्याने धुवावी. साबण नको, फिनेल तर मुळीच नको. वास किंवा पाणी एवढंच कारण असेल तर जुन्या जाळ्याचा तुकडा आणि कोरडी मूठभर माती नव्या थरावर ठेवावी. माइट असतील तर जुनं काहीच परत ठेवू नये.

एक गोष्ट बजावून सांगतो. गागोद्याच्या किंवा कुठल्याही बांधातला कोळी पेटीसाठी उकरून आणू नये. रेजिनल्ड पोकॉक यांनी १८९९ मध्ये वर्णन केलेली कायलोब्रॅकिस फिम्ब्रिएटस ही आपल्या महाराष्ट्रातली जात आज परदेशातल्या शौकिनांच्या पेट्यांत आहे, आणि आपण तिला बांधावर धड ओळखतही नाही. झाडांवर राहणाऱ्या पोइसिलोथेरिया या संपूर्ण प्रजातीगटाचा २०१९ मध्ये साइट्स या वन्यजीवांच्या आंतरराष्ट्रीय व्यापारावरच्या कराराच्या दुसऱ्या परिशिष्टात समावेश झाला. मेक्सिकोच्या लाल गुडघ्यांच्या ब्रॅकिपेल्मासारखे परिशिष्टातले परदेशी कोळी कुणाकडे असतील, तर २०२४ च्या नियमांनुसार त्यांची केंद्र सरकारच्या परिवेश पोर्टलवर नोंदणी करावी लागते. ती केली नसेल तर आधी ते काम करा.

आणि दिवाळी तोंडावर आली की एवढं लक्षात ठेवा. घरात रंगकाम किंवा पेस्ट कंट्रोल असेल तर पेटी आधीच दुसऱ्या घरी हलवा आणि वास पूर्ण जाईपर्यंत परत आणू नका. झुरळासाठी मारलेलं औषध कोळ्यालाही मारतं.