एपीटीचा नकार

कामासाठी मिळालेलं व्हीपीएनचं पॅकेज आज डेबियन १२ वर बसेना. पॅकेजं बसवणाऱ्या एपीटीचं म्हणणं स्पष्ट होतं: याला ओपनएसएसएलची लिबएसएसएल १.१ ही लायब्ररी हवी, आणि ती मिळणार नाही. पॅकेज बांधलं होतं डेबियन ११ साठी. १२ मध्ये ओपनएसएसएल ३ आलं आणि जुनी लायब्ररी भांडारातून गेली.

सोपी वाट समोरच होती. जुन्या भांडारातून ती एक फाइल उतरवायची आणि डीपीकेजीने बसवायची. नावं वेगळी असल्यामुळे दोन्ही लायब्रऱ्या शेजारी-शेजारी नांदतातही. पण मन घेईना. ओपनएसएसएल १.१.१ चा सार्वजनिक आधार ११ सप्टेंबर २०२३ रोजी संपला. अशी सुटी आणलेली फाइल नव्या भांडारातून कधीच दुरुस्त होत नाही. ज्या सॉफ्टवेअरचं कामच मुळी संरक्षण, त्याच्या पायाखाली असा दगड ठेवायचा? मला ते पटत नाही.

अवलंबित्व तुटलं की आपण चिडतो ते एपीटीवर. वास्तविक कोणतं पॅकेज कोणासोबत बसेल हा प्रश्न गणितज्ञांच्या भाषेत एनपी-कम्प्लीट आहे, आणि एपीटी तो रोज सेकंदांत सोडवतं. त्याचा नकार मला आदराने वाचावासा वाटतो. ‘एपीटी-कॅश पॉलिसी’ लिहिलं की कोणती आवृत्ती कुठून येते, तेही ते सांगतं.

शेवटी डेबियनचंच ओपनव्हीपीएन २.६ घेतलं आणि कामाच्या व्हीपीएनची जुनी कॉन्फिग फाइल त्याला दिली. जोडणी झाली. उद्या पॅकेज देणाऱ्यांना लिहीन: डेबियन १२ साठी नव्याने बांधा.