चुनखडीचे उष्मागणित

रासायनिक अभिक्रियांतील ऊर्जाबदल अभ्यासण्यासाठी चुन्याइतके सोयीचे उदाहरण क्वचितच सापडते, कारण चुनखडी भट्टीत भाजणे, भाजून मिळालेली चुनकळी पाण्यात विरवणे आणि त्या चुन्याच्या गिलाव्याने हवेतील कार्बन डायऑक्साइड शोषून पुन्हा चुनखडी बनणे, या तीन अभिक्रियांचे मिळून एक बंद चक्र होते आणि पदार्थ जिथून निघाला तिथेच परत येतो. महाराष्ट्रातल्या अनेक किल्ल्यांवर चुना मळण्याच्या दगडी घाण्या अजून दिसतात, मुंबईतील चुनाभट्टीने भट्ट्या विझल्यावरही नाव जपले आहे, आणि कोकण-गोव्याच्या किनाऱ्यावर शिंपले भाजूनही चुना केला जात असे, कारण शिंपल्याचे कवच हेही मुख्यतः कॅल्शियम कार्बोनेटच, म्हणजे चुनखडीचाच पदार्थ होय. विद्यार्थ्याला मात्र हे चक्र तुटक स्वरूपात भेटते: भाजणे हे ‘उष्माग्राही’ अभिक्रियेचे उदाहरण म्हणून एका पानावर, विरवणे हे ‘उष्मादायी’ अभिक्रियेचे उदाहरण म्हणून दुसऱ्या पानावर, आणि तिसरी अभिक्रिया, जी या चक्रातील सर्वांत बोलकी आहे, ती चुन्याची निवळी फुंकर मारल्यावर दुधाळ होते एवढ्यापुरतीच.

तिन्ही अभिक्रियांचे आकडे शेजारी ठेवले की चित्र बदलते. स्थिर दाबाखाली घडणाऱ्या अभिक्रियेत शोषली किंवा बाहेर टाकली जाणारी उष्णता ज्या राशीतील फरकाने मोजतात तिला एन्थाल्पी म्हणतात. ऊर्जा आत घेतली गेली तर हा फरक धन आणि बाहेर पडली तर ऋण लिहिण्याचा संकेत आहे. २५ अंश सेल्सिअसच्या प्रमाण स्थितीत १ मोल, म्हणजे सुमारे १०० ग्रॅम, चुनखडीचे चुनकळी व कार्बन डायऑक्साइड यांत विघटन होण्यासाठी १७८.३ किलोज्यूल ऊर्जा लागते. त्यातून मिळणारी ५६ ग्रॅम चुनकळी पाण्याशी संयोग पावून विरी गेलेला चुना होताना ६५.२ किलोज्यूल, आणि हा चुना हवेतील कार्बन डायऑक्साइड घेऊन पुन्हा चुनखडी होताना ११३.१ किलोज्यूल ऊर्जा बाहेर पडते. शेवटच्या दोन आकड्यांची बेरीज बरोबर १७८.३ भरते. यात योगायोग काहीच नाही. पदार्थ मूळ स्थितीत परतला असेल तर त्याच्या ऊर्जेचा हिशेबही शून्यावर यायलाच हवा, अन्यथा हेच चक्र पुन्हा पुन्हा फिरवून फुकट ऊर्जा मिळवता आली असती. एक बारकावा येथेच नोंदवलेला बरा: भट्टीत दिलेल्या १७८ किलोज्यूलपैकी सुमारे अडीच किलोज्यूल चुनखडीत कोणताही रासायनिक बदल घडवत नाहीत, तर मुक्त होणारा वायू आपल्याला जागा करून घेण्यासाठी भोवतालच्या हवेला मागे रेटतो, त्या कार्यात खर्ची पडतात. आंतरिक ऊर्जेतील बदल आणि एन्थाल्पीतील बदल यांत फरक का करावा लागतो, याचे उत्तर या अडीच किलोज्यूलांत आहे.

एखाद्या संयुगाच्या विघटनाला जेवढी उष्णता लागते तेवढीच ते बनताना बाहेर पडते, हे तत्त्व आन्त्वान लाव्हॉझिए आणि पिएर-सिमाँ लाप्लास यांनी १७८३ मध्ये मांडले. त्यांचा उष्मामापी बाहेर पडणारी उष्णता किती बर्फ वितळवते त्यावरून ती मोजत असे. पुढे जिनिव्हात जन्मलेले आणि सेंट पीटर्सबर्गमध्ये काम केलेले जेर्मेन आँरी हेस यांनी १८४० मध्ये त्याचा विस्तार करून अभिक्रिया एका टप्प्यात घडो वा अनेक टप्प्यांत, एकूण उष्णता तीच राहते असे दाखवले. हेसचा नियम शाळा-महाविद्यालयांत बहुधा समीकरणांच्या बेरीज-वजाबाकीची युक्ती म्हणून शिकवला जातो. त्याची खरी उपयुक्तता तिसऱ्या अभिक्रियेत दिसते, कारण दशकानुदशके चालणाऱ्या गिलाव्याच्या अभिक्रियेची उष्णता कोणत्याही उष्मामापीने थेट मोजणे व्यवहार्य नाही, आणि तरीही पहिल्या दोन आकड्यांवरून ती अचूक काढता येते.

चुनकळीवर पाणी पडताच ती फसफसते, तडकते आणि वाफा सोडू लागते, याचे स्पष्टीकरण अठराव्या शतकापर्यंत असे दिले जाई की भट्टीतील अग्नीचे काही द्रव्य दगडात शिरून बसलेले असते आणि चुन्याचा दाहक गुणही त्याच द्रव्यामुळे येतो. स्कॉटलंडमधील जोसेफ ब्लॅक यांनी १७५६ मध्ये प्रसिद्ध केलेल्या प्रयोगांत तराजूच्या साहाय्याने ही कल्पना मोडीत काढली: भाजल्याने दगडात काही शिरत नाही, उलट त्यातून एक वायू निघून जातो आणि दगडाचे वजन घटते. ब्लॅक यांचा निष्कर्ष निर्विवाद होता, तरीही जुन्या समजुतीला पूर्णपणे खुळी म्हणणे अन्यायाचे ठरेल, कारण भट्टीतून काहीतरी आत गेले आणि पाणी पडताच त्यातले काही बाहेर आले, हे निरीक्षण बरोबर होते. आत गेलेले ते द्रव्य नव्हते, ऊर्जा होती, आणि पाणी पडल्यावर तिच्यातला जेमतेम एक तृतीयांशाहून थोडा अधिक भागच परत मिळत होता.

ही ऊर्जा नेमकी कोठे असते, या प्रश्नावर विद्यार्थ्यांची सर्वांत चिवट चूक घडते. बंधांमध्ये ऊर्जा ‘साठवलेली’ असते आणि बंध तुटला की ती बाहेर पडते, असे पुष्कळांना वाटते. वस्तुस्थिती नेमकी उलट आहे. बंध तोडण्यासाठी नेहमीच ऊर्जा द्यावी लागते आणि बंध जुळताना नेहमीच ऊर्जा मिळते, आणि अभिक्रिया उष्मादायी की उष्माग्राही हे या दोहोंच्या वजाबाकीवर ठरते. चुनकळी विरताना पाण्याच्या रेणूतील ऑक्सिजन व हायड्रोजन यांमधील एक बंध तुटतो, त्याची किंमत मोजावी लागते. पण सुटलेला हायड्रोजन चुनकळीतील ऑक्साइड आयनाशी नवा बंध जोडतो, आणि नव्या स्फटिकात कॅल्शियम व हायड्रॉक्साइड आयनांचे परस्पर आकर्षण प्रस्थापित होते. मिळकत खर्चाहून मोलामागे ६५ किलोज्यूलांनी जास्त होते आणि तेवढीच उष्णता पाण्याला तापवते.

आता ज्या गोष्टीकडे पाठ्यपुस्तके जवळजवळ पाहतच नाहीत तिच्याकडे वळता येईल. चुना विरताना हात भाजतो, डोळ्यांत उडाला तर दृष्टी जाण्याचा धोका असतो, आणि ज्या गिलाव्यावर वर्षानुवर्षे पाठ टेकली जाते तो कधीच ऊबदार लागत नाही. असे असूनही गिलाव्यातील अभिक्रिया विरण्याच्या अभिक्रियेपेक्षा पावणेदोन पट उष्णता देते. १ किलो चुनकळी विरताना सुमारे १,१६० किलोज्यूल उष्णता बाहेर पडते, आणि ती सगळी पाण्यालाच मिळाली असे धरले तर २५ अंशांवरचे साडेतीन लिटर पाणी उकळीला येईल. ही अभिक्रिया १० मिनिटांत संपली तर उष्णता देण्याचा सरासरी वेग सुमारे १.९ किलोवॅट, म्हणजे न्हाणीघरातील गिझरइतका पडतो. त्याच चुन्याने पुढे कार्बन डायऑक्साइड शोषताना सुमारे २,००० किलोज्यूल दिले, आणि ही क्रिया एका वर्षातच पूर्ण झाली असे उदारपणे मानले, तरी तो वेग ०.०६ वॅटच्या आसपास येतो. हवेत कार्बन डायऑक्साइडचे प्रमाण सुमारे ०.०४ टक्के असते, तो गिलाव्याच्या सूक्ष्म छिद्रांतून हळूहळू आत झिरपतो, छिद्रांत ओलावा नसेल तर अभिक्रिया जवळपास थांबते, आणि बाहेरचा थर चुनखडीचा झाला की आतल्या थराकडे जाणारी वाट आणखी लांबते. एन्थाल्पीच्या आकड्याला काळाचे परिमाणच नसते. तो एकूण किती ऊर्जा मिळेल ते सांगतो, केव्हा मिळेल ते मुळीच सांगत नाही. ‘जास्त उष्मादायी म्हणजे जास्त जोरकस’ हे समीकरण डोक्यातून काढण्यासाठी चुन्याच्या भिंतीहून चांगले साधन नाही.

अभिक्रियेची दिशा हाही स्वतंत्र विषय आहे. एकोणिसाव्या शतकात कोपनहेगनचे युलियुस थॉमसन आणि पॅरिसचे मार्सेलॅं बेर्तलो यांनी उष्णता बाहेर टाकणाऱ्या दिशेनेच अभिक्रिया आपोआप जाते असे प्रतिपादन केले होते. तसे असते तर चुनखडी भाजली जाणे हे निसर्गाविरुद्ध केलेल्या सक्तीचे उदाहरण ठरले असते. प्रत्यक्षात चुनखडीतून वायू निघताना पदार्थातील अव्यवस्था, जिचे माप एन्ट्रॉपी या राशीने करतात, ती मोलामागे दर केल्विनला सुमारे १६० ज्यूलांनी वाढते, आणि तापमान जितके जास्त तितका या वाढीचा प्रभाव मोठा होतो. १७८ किलोज्यूलांना या आकड्याने भागल्यास सुमारे १,११० केल्विन, म्हणजे ८४० अंश सेल्सिअसच्या जवळपासचे तापमान मिळते. दोन्ही राशी तापमानाबरोबर थोड्या बदलत असल्याने कार्बन डायऑक्साइडचा दाब वातावरणाच्या दाबाइतका होण्याचे खरे तापमान ९०० अंशांच्या आसपास आहे. भट्टीला वर तोंड आणि खालून हवेचा ओघ लागतो तो केवळ इंधन पेटते राहण्यासाठी नव्हे, तर सुटलेला वायू वाहून नेण्यासाठीही, कारण तो कोंडला गेला तर चुनकळी त्याच्याशी पुन्हा संयोग पावते. एडिंबरोच्या सर जेम्स हॉल यांनी एकोणिसाव्या शतकाच्या आरंभी बंदुकीच्या बंद नळ्यांत चुनखडीची भुकटी तापवून पाहिली, तेव्हा दाबाखाली ती विघटित न होता संगमरवरासारखी घट्ट झाली.

भाजण्याचा अतिरेकही बाधतो. फार तापलेल्या चुनकळीचे कण एकमेकांत मिसळून दाट होतात आणि पाण्याला आत शिरू देत नाहीत; अशी चुनकळी विरताना मिळणारी एकूण उष्णता जवळपास तेवढीच राहते, पण विरायला इतका उशीर लागतो की न विरलेला कण गिलाव्यात जातो, तेथे ओलाव्याने सावकाश फुगतो आणि भिंतीवरून खपली उडवतो.

विरण्याची अभिक्रिया उलट दिशेनेही चालवता येते: विरी गेलेला चुना वातावरणाच्या दाबाच्या वाफेत ५०० अंशांच्या थोडे वर तापवला की पाणी निघून जाते आणि चुनकळी उरते, जी कोरडी ठेवल्यास महिनोन्‌महिने थंड राहूनही पुढे पाणी मिळताच उष्णता परत देते. सौरऊर्जेपासून मिळालेली उष्णता याच मार्गाने साठवण्याचे संशोधन अनेक देशांत चालू आहे. त्यातल्या अडचणी एन्थाल्पीच्या नाहीत, पदार्थाच्या आहेत: चुन्याच्या भुकटीतून उष्णता अतिशय मंद गतीने वाहते, आणि प्रत्येक फेरीत फुगून व आकसून कण तडकतात किंवा एकमेकांना चिकटून त्यांचे गोळे होतात, त्यामुळे वाफेला सर्व कणांपर्यंत पोचणे उत्तरोत्तर अवघड होत जाते.