हिरव्या रेषेची धार

ग्रहीय तेजोमेघाच्या नावात ग्रह असला तरी ग्रहाशी त्याचा काडीचा संबंध नसतो. सूर्यासारखा तारा उतारवयात बाहेरचे वायूचे थर सोडून देतो, उघड्या पडलेल्या तप्त गाभ्याच्या अतिनील किरणांनी ते उजळतात आणि दुर्बिणीत वाटोळे बिंब दिसते, एवढ्यावरून हे नाव पडले. हा प्रकाश रंगांत फाकवून मिळणाऱ्या पट्ट्याला वर्णपट म्हणतात. १८६४ मध्ये खगोलशास्त्रज्ञ विल्यम हगिन्झ यांना अशा एका मेघाच्या वर्णपटात सलग पट्ट्याऐवजी मोजक्या झळाळत्या रेषा दिसल्या, आणि त्यांतली ठळक हिरवी रेषा कोणत्याच ज्ञात मूलद्रव्याशी जुळेना.

या रेषेच्या वादात पुण्याचा मोलाचा वाटा आहे आणि तो पुण्यातच फारसा कोणाला ठाऊक नाही, हे फार खटकते. ही रेषा म्हणजे मॅग्नेशियमच्या पट्ट्याचा अवशेष, असे खगोलशास्त्रज्ञ नॉर्मन लॉकियर यांचे मत होते. तसे असते तर तिची एक कड विरत गेलेली दिसली असती. कावसजी दादाभाई नायगमवाला यांनी पुण्याच्या कॉलेज ऑफ सायन्सच्या आवारातील महाराजा तख्तसिंगजी वेधशाळेतून मृगातील तेजोमेघ तपासला, त्यातही हीच रेषा असते, आणि ती कोणत्याही स्थितीत धारदारच राहते, हे १८९१ मध्ये दाखवून दिले. ती दोन इलेक्ट्रॉन गमावलेल्या ऑक्सिजनची असल्याचे पुढे १९२७ मध्ये आयरा बोवेन यांनी उलगडले. पण १९१२ मध्ये नायगमवाला निवृत्त झाले आणि वेधशाळाच मिटली, २० इंची दुर्बीण कोडाईकनालला गेली. माणसामागे संस्था टिकू नये, ही हानी साधी नव्हे.

ती रेषा स्वतः पाहायची, तर पुण्याजवळच्या मावळात पावसाळाभर आभाळ उघडत नाही, म्हणून वेध घ्यायचे ते नोव्हेंबरपासून. अशाच एका रात्री पवना जलाशयाकाठी एका निरीक्षकाने ८ इंची दुर्बिणीच्या नेत्रिकेला विवर्तन जालक, म्हणजे बारीक समांतर रेघांची काच, लावून देवयानीतला एनजीसी ७६६२ हा मेघ पाहिला, तेव्हा शेजारचे तारे लांबून रंगीत रेघा झाले आणि मेघाचा मात्र हिरवट ठिपकाच राहिला, कारण त्याचा बहुतेक दृश्य प्रकाश त्या एकदोन रेषांतच साठलेला असतो. रासायनिक मोजमापाला एवढे पुरत नाही, ऑक्सिजनच्याच ४३६.३ नॅनोमीटरच्या फिक्या रेषेशी ५००.७ च्या त्या हिरव्या रेषेची तुलना करून वायूचे तापमान काढल्याखेरीज ऑक्सिजनचे प्रमाण ठरवता येत नाही.

दुर्बीण गेल्याची हळहळ मात्र त्या काठावर थोडी निवली, कारण पुण्यात राहून ती आज काय पाहू शकली असती, हे समोरच दिसत होते: पूर्वेला पिंपरी-चिंचवडच्या उजेडाने क्षितिज पिवळे झाले होते आणि उगवता मृग त्यातून बराच वर येईपर्यंत त्याचा तेजोमेघ दिसला नाही.