दोंडाईचा आणि जुन्या तरवारीची पारख

सुरतेहून भुसावळाकडे तापीच्या खोऱ्यांतून जाणारी आगगाडी नंदुरबार सोडून पुढें निघाली कीं, दोन्ही अंगांस काळ्या भुईचीं शेतें पसरलेलीं दिसतात आणि थोड्याच वेळांत दोंडाईचा हें स्टेशन येतें. मिरचीच्या व्यापारामुळें या गांवाचें नांव व्यापारी लोकांच्या तोंडीं असतें. परंतु इतिहासाची आवड असणाऱ्या प्रवाशाचे पाय आपोआप वळतात ते रावल घराण्याच्या जुन्या गढीकडे. या बाजूस, शिंदखेडें तालुक्यांत, गिरासे रजपुतांची वस्ती पुष्कळ आहे. कानांवर अहिराणी, अंगणांत शेतीचीं अवजारें आणि आंतल्या खोलींत एखादी वडिलोपार्जित तरवार, असें घर येथें अजूनहि आढळतें.

खानदेशांत इतकीं शस्त्रें कां असावींत, याचें उत्तर नकाशाच देतो. दक्षिण, गुजराथ आणि माळवा यांच्या मधला हा उंबरठा. फारुकी, मोंगल व मराठे या सर्वांच्या फौजा येथून गेल्या. तापीकांठच्या थाळनेर किल्ल्यावर १८१८ च्या फेब्रुवारींत अरब शिबंदीची इंग्रजांशीं झुंज झाली आणि सर टॉमस हिस्लॉपनें किल्लेदार तुळशीराममामा यास फांशीं दिलें. पुढें १८७८ चा हत्यारांचा कायदा आला आणि कमरेची तरवार पेटींत गेली. ती वर्षांतून एकदां, खंडेनवमीस, पूजेसाठीं बाहेर निघते. आणि तिचें सर्वांत अधिक नुकसान होतें तें याच दिवशीं! विटेची पूड व चिंच लावून घरांतलीं उत्साही मंडळी तिला लखलखीत करतात. त्या घासण्यानें गंज जातो खरा, पण त्याबरोबर पोलादावरचे जौहर, सोन्याची कोफ्तगरी आणि कोरलेलीं अक्षरेंहि झिजून जातात.

ज्याला अशी अस्सल जुनी तरवार प्रथमच विकत घ्यावयाची आहे, त्यानें झगझगाटापासून दूर राहावें. शोभेच्या तरवारी आज मुबलक तयार होतात व तेजाबाचा हात फिरवून त्यांस जुनेंपण आणतां येतें. नवशिक्याची नजर प्रथम मुठीवर जाते. ती पात्यावर जावयास हवी. मूठ बदलतां येते, आणि एका पात्यानें दोन-तीन मुठी पाहिल्या असल्या तर त्यांत नवल नाहीं. पातें उजेडांत तिरपें धरावें. त्याची जाडी टोंकाकडे सावकाश उतरत गेली आहे, कीं पट्टी कापल्यासारखी सर्वत्र सारखीच आहे? जौहर पोलादाच्या अंगांतून उमटले आहेत, कीं वरवर काढलेले आहेत? पातें मुठींत लाखेनें किंवा राळेनें बसविण्याची आपली जुनी रीत. तेथें नवें झाळकाम दिसल्यास सावध व्हावें. ठशावरहि एकदम विश्वास ठेवूं नये. युरोपांतून येणाऱ्या पात्यांस आपल्याकडे ‘फिरंग’ म्हणत व त्यांचा मान मोठा असे. म्हणूनच जिनोव्हाच्या पात्यांवरील अर्धचंद्राकार खूण आपले कारागीरहि बिनदिक्कत मारीत.

या बाबतींत जपानी लोकांपासून घेण्यासारखें पुष्कळ आहे. तेथें १८७६ सालीं सरकारी हुकुमानें सामुराईच्या कमरेची तरवार उतरली. म्हणजे आपल्या आधीं अवघीं दोन वर्षें. परंतु तेथें पारखण्याची विद्या मेली नाहीं. जपानी पारखी मूठ काढून बाजूस ठेवतो आणि तिच्यांत लपलेला पात्याचा भाग पाहतो. त्यास ते ‘नाकागो’ म्हणतात. कारागिराची सही असली तर ती तेथेंच असते, आणि त्यावरचा काळसर गंज जाणता मनुष्य कधींहि घासीत नाहीं. कारण त्या गंजावरून तरवारीच्या वयाचा अंदाज लागतो. सह्याहि खोट्या असतात, म्हणून सहीपेक्षां पोलादाची साक्ष मोठी मानतात. मौल्यवान तरवारींच्या रक्षणासाठीं १९४८ सालीं तेथें संस्था निघाली. ती आजहि तरवारी तपासून दाखले देते. दुसऱ्या महायुद्धांतील जपानी अधिकाऱ्यांच्या पुष्कळशा तरवारी कारखान्यांत निघालेल्या होत्या, हें ज्यास ठाऊक नाहीं, तो जुन्या कारागिरीचा भाव देऊन लढाईची एक आठवण तेवढी घरीं आणतो.

आपल्याकडील ताजें उदाहरण पाहा. २९ एप्रिल २०२५ रोजीं लंडनच्या सदबीज पेढीच्या लिलावांतून नागपूरकर पहिल्या रघूजी भोसल्यांची तरवार महाराष्ट्र सरकारनें मिळविली. एकंदर खर्च सुमारें ४७ लाख रुपये झाला आणि त्याच वर्षीं ऑगस्टांत ती मुंबईस आली. पातें सरळ, एकधारी, युरोपी. मूठ मुल्हेरी घाटाची, सोन्याच्या कोफ्तगरीची. हें मुल्हेर खानदेशाच्या शेजारचें, बागलाणांतलें. पात्याच्या पाठीवर देवनागरींत रघूजींचें नांव व सेनासाहेब सुभा हें पद आहे. तींच अक्षरें दरसाल विटेच्या पुडीनें घासलीं गेलीं असतीं, तर ही तरवार कोणाची हें आज कोणीं सांगितलें असतें?

कायद्याचीहि जाणीव हवी. शंभर वर्षांहून जुनी तरवार १९७२ च्या कायद्यानें पुरावस्तु ठरते. तिचा व्यापार करणारास परवाना लागतो व खासगी मनुष्यास ती परदेशीं धाडतां येत नाहीं. १९५९ च्या शस्त्रकायद्याचा संबंध येतोच. म्हणून जिल्हाधिकाऱ्याच्या कचेरींत आधीं विचारावें आणि पक्की पावती घ्यावी.

पैशाची थैली सोडण्यापूर्वीं मुंबईचें छत्रपति शिवाजी महाराज वस्तुसंग्रहालय व पुण्याचें राजा दिनकर केळकर संग्रहालय सावकाश पाहावें. धुळ्यासहि जावें. इतिहासाचार्य राजवाडे तेथें १९२६ सालीं निवर्तले. घरोघरचीं दप्तरें गोळा करण्यांत त्यांचा जन्म गेला. तरवारीलाहि असें दप्तर हवें. ती कोणत्या घरची, कोणत्या गांवची, कोणीं वापरली, हें विकणाराकडून लिहून घ्यावें. ही हकीकत तुटली कीं उरतें तें नुसतें लोखंड.

भावाभावांत वांटण्या होतात तेव्हां भांडीं मोजून घेतात, आणि तरवार मात्र कित्येकदां मोडींत जाते. अशी तरवार पारखून घेणारा तिला वांचवितो. परंतु ज्या घरीं तिची पूजा अजून चालू आहे, तेथें किंमत विचारूं नये. त्या घरच्या वडीलधाऱ्यांस एवढेंच सांगावें, कीं येत्या खंडेनवमीस विटेची पूड दूर ठेवा. मऊ फडक्यानें पातें पुसा, तेलाचा पातळ हात फिरवा आणि मग हळदकुंकू वाहा.